शनिवारच्या राय व्हिस्की चाखणीबद्दल

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता नेहमीच्या हॉलवर भेटतोय. वय 19 पूर्ण हवं, ऑन्टॅरिओचा तसा कायदाच आहे.

यंदा विंडसरची लॉट नं. 40 आणि कॅल्गरीची अल्बर्टा प्रीमियम, या दोन व्हिस्की, दोन्ही 100 टक्के राय (rye) या गव्हासारख्या धान्याच्या. मुद्दाम याच घेतल्या. कॅनडात लेबलवर ‘राय’ छापायला रायचं किमान प्रमाण लागत नाही, त्यामुळे पुष्कळ बाटल्यांत मुख्यतः मकाच असतो. लाकडी पिंपात किमान 3 वर्षं मुरवणं मात्र सक्तीचं.

ग्लासात 20 मिलीच ओतू. आधी तोंड किंचित उघडं ठेवून नुसता वास घ्या. लॉट नं. 40 मध्ये मला दरवेळी लवंग, मिरी आणि भाजलेल्या राय ब्रेडचा खरपूसपणा सापडतो. मग छोटा घोट जिभेवर घोळवा, नंतर चमचाभर पाणी घालून पुन्हा एकदा. पाण्याने ती खरंच खुलते. बर्फ आणि जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा) शेवटी.

कृपया त्या दिवशी अत्तर, परफ्यूम लावू नका, सगळ्यांनाच व्हिस्कीचा वास नीट घेता येत नाही. जेवून या, चिवडा-चकली चाखणीनंतर. गाडी घरीच ठेवा. ग्लास मोजके आहेत, नावं गुरुवारपर्यंत कळवा.