गर्भारपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या

महोदय,
गर्भारपणात उलट्या व्हायच्याच, असं म्हणत घरचे आल्याचा तुकडा, लिंबाची फोड हातात देतात. बहुतेकींचं तेवढ्यावर भागतंही. पण पाण्याचा घोटसुद्धा पोटात टिकेना, लघवी गडद आणि कमी होऊ लागली, वजन ५ टक्क्यांहून अधिक घटलं, तर तो हायपरएमेसिस हा आजार असतो. सलाईन लावावं लागतं.

अशा स्त्रियांमध्ये जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग जास्त आढळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. (ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःवर प्रयोग म्हणून चक्क पिऊन टाकला, तोच हा जिवाणू.) अर्थात संसर्ग असूनही कितीतरी जणींना काहीच होत नाही, शिवाय २०२३ च्या संशोधनात मुख्य बोट जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडे गेलं आहे. त्यामुळे सरसकट अँटिबायोटिक देणं चूकच. पण औषधांना दाद न देणाऱ्या उलट्यांत शौचाची साधी तपासणी सुचवायला काय हरकत आहे? जुनाट अ‍ॅसिडिटीवर परस्पर गोळ्या घेणाऱ्या मुलींनी तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना याबद्दल विचारावं. जिवाणू सापडलाच, तर औषधांचा कोर्स तेव्हा पूर्ण करता येतो.

– एक वाचक, सातारा