कपाटाची किल्ली मुलांकडेही द्या

महोदय,

शाळेच्या ग्रंथालयाची मांडणी मुलांकडे सोपवायची म्हणजे त्यांना धूळ झटकायला लावायचे, एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. सहावी-सातवीची मुले खरे तर दाखलनोंद वहीपासून, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणाऱ्या वहीपासून, उपयोगी पडतात. त्यांच्या जोड्या कराव्यात: एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक शोधायचे. दाखल क्रमांक शीर्षकाच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही घालावा. पहिले पान फाटले तरी पुस्तक ओळखता येते.

मुले मोकळी सोडली की पुस्तके उंचीप्रमाणे लावतात. दिसायला छान, शोधायला शिक्षा! म्हणून आधी विषय, मग लेखकाचे आडनाव. ग्रंथालयात विषयवार वर्गीकरणासाठी वापरतात ते ड्युईचे दशांश आकडे या वयाला जड जातात. कथा, कविता, चरित्र, विज्ञान यांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या पुरतात. पट्टी पुस्तकाच्या पाठीवर, तळापासून 3 सेंटीमीटरवर. मापाला पुठ्ठ्याचा तुकडा कापून द्यावा, नाहीतर प्रत्येक पट्टी वेगळ्या उंचीवर जाते. साधी सेलोटेप नको. ती पिवळी पडते, चिकट सुटते. फळीचा पाव भाग रिकामा हवा. ठासून भरली की मूल पाठीचे वरचे टोक धरून ओढते आणि तिथूनच बांधणी उसवते.

1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या नाशकात, 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पुस्तके टेबलावर मांडून संध्याकाळी पुन्हा कुलूपबंद करण्यापेक्षा त्या दिवशी मुलांकडून पुस्तकमोजणी करून घ्यावी. पावसाळ्याआधी कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढायला मात्र शिपाईमामाच लागतील.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, नाशिक