मी ग्रामसभेत चुकीचं बोललो होतो

संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा माजी सरपंच. पाच वर्षं माइकवर सांगत होतो की हवामान बदल वगैरे शहरातल्या लोकांच्या गोष्टी आहेत, पाऊस आधीही कमीजास्त व्हायचाच. माझं ऐकून बऱ्याच जणांनी शेततळ्याचा अर्ज केला नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

२०१४ च्या मार्चमधे गारपीट झाली तेव्हाही मी नशीबच म्हटलं. पण जुलै २०२३ मधे एका रात्रीत धुऱ्यावरून पाणी गेलं, सकाळी वावरात गेलो तर कपाशीची पऱ्हाटी आडवी, मुळं उघडी अन् काळी माती वाहून खालचा मुरूम दिसत होता. मुठीत घ्यायलाही माती नव्हती हो.

मग वाचायला लागलो. हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पाऊस आला की कोसळतोच, अन् पृथ्वी कोळसा-डिझेल जाळून एक डिग्रीच्या वर तापलीसुद्धा. अमेरिकेतले रिचर्ड मुलर नावाचे शास्त्रज्ञ पृथ्वी तापतेय यावर आधी शंका घेत होते, त्यांनी स्वतः आकडे तपासले अन् २०१२ मधे जाहीर सांगितलं की माझं मत बदललं. एवढा मोठा माणूस सांगू शकतो तर मी का नाही?

येत्या ग्रामसभेत त्याच माइकवर हे बोलणार आहे. अन् एक मागणी, भरपाईसाठी अतिवृष्टी एका दिवसातल्या ६५ मिलिमीटर पावसावर ठरते पण पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, आमच्या शिवारात काहीच नाही. प्रत्येक गावात एक तरी बसवा.

- एक शेतकरी, जि. यवतमाळ