पंखा बंद करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी बंदरावर एका ट्रॉलरच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. संध्याकाळी आशाताई म्हणाल्या, मॅडमचा सरकारी सेवेचा बॉण्ड संपला, दुपारच्या गाडीने गेल्या. तुमचा नंबर घ्यायचा राहिला. म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहितोय. वेंगुर्ल्याचं कोणीतरी पुढे पाठवत पाठवत तुमच्यापर्यंत पोचवील.

आधी पोटातलं थोडं बाहेर काढतो, नाहीतर आभार नीट मानता येणार नाहीत. माझी बायको अडीच वर्षं धापत होती. काजूच्या कारखान्यात कामाला, म्हणजे धूर आलाच, म्हणजे दमा. एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे ठरवून टाकलं आणि नंतर ते कधी तपासलं नाही. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप पदरावरूनच टेकवायचा, दोन सेकंद, की झालं. ‘पंप चालू ठेवा.’ मग शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे विचारलं, ‘टेन्शन घेता का?’ महिनाअखेरीला टेन्शन कोण घेत नाही ते सांगा. पंप बदलले, कंपन्या बदलल्या, हिची धाप काही हलली नाही. रात्री आडवी झाली की खोकला. आधी एक उशी, मग दोन, शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोप. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. आणि मी? मी म्हणायचो, ‘दम लागता तर जरा हळू चल मगे.’

तुमच्याकडे आलो तेही माझ्या अकलेने नव्हे. आशाताईंनी हिला चढणीवर हंडा खाली ठेवून बसलेली बघितलं आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढूनच आरोग्य केंद्रात आणलं. मे महिना. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं, आत वरचा पंखा खडखडत फिरत होता. तुम्ही स्टेथोस्कोप लावलात, क्षणभर थांबलात, कपाळाला आठी घातलीत. मग उठून भिंतीपाशी गेलात आणि पंख्याचं बटण बंद केलंत.

मॅडम, मला सगळ्यात आठवतं ते हे बटण.

बाहेर कोणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती, तुम्ही दारातून डोकं काढून ती बंद करायला लावलीत. कोपऱ्यातला फ्रीज घुमत होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि स्वतःशीच म्हणालात, ‘याला काही करता येणार नाही, लसी आहेत.’ हिला डाव्या कुशीवर वळवलंत. चकती फिरवून तिची लहान वाटीसारखी बाजू छातीवर ठेवलीत, दाबून नव्हे, नुसती टेकवून. ‘श्वास सोडा. आता थांबा.’ आणि ऐकत राहिलात. दोन मिनिटं असतील, कदाचित तीन. बाहेरचे चुळबुळायला लागले. ‘काय करतत काय आतमधी?’ तुमच्या नाकावरून घामाचा थेंब केसपेपरवर पडला आणि निळी शाई फुटली. तो केसपेपर आमच्याकडे आहे. डाग अजून तसाच आहे.

अडीच वर्षांत एवढा वेळ हिच्या छातीशी कोणीच थांबलं नव्हतं. त्यात मीही आलो.

मी इंजिनवाला माणूस. बोट धक्क्याला लागताना टॅपेट वाजतोय की नाही ते मला जेटीवर उभ्या उभ्या कळतं. शंका आली तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते समजतं. हे मी तुम्हाला सांगितलं तर हसला नाहीत. उलट म्हणालात, ‘आमचंही असंच सुरू झालं.’ १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून एका बाईच्या छातीला लावली, मग लाकडाची नळी केली, तोच पहिला स्टेथोस्कोप. आणि मग तुमच्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्यात.

आधी काहीच नाही. मग ठोका लागला. लप् जोरात, डप्, त्याच्या पाठोपाठ बारीकसं टक्, आणि त्यानंतर पुढच्या ठोक्यापर्यंत खालच्या पट्टीतली गडगड. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रात लांब कुठेतरी ढग घुमतो ना, तशी. पंखा चालू असता तर ती त्याच्या खडखडाटात बुडाली असती. पंखा का बंद केलात ते तेव्हा मला कळलं.

तुम्ही सांगितलंत ते मी इथे माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर रागवा. लप्-डप् हा झडपा मिटण्याचा आवाज. झडप उघडताना निरोगी माणसात काही ऐकू येत नाही. हिची डावीकडची, वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप जाड होऊन कडांना चिकटली होती. ती उघडताना टक् वाजायची आणि अरुंद फटीतून रक्त घुसताना गडगडायचं. पुढे जागा नाही म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबायचं, म्हणून धाप, म्हणून आडवं झालं की खोकला. दमा नव्हताच! तुमच्या पुस्तकांत अशा झडपेला माशाचं तोंड म्हणतात, हे ऐकून ही त्या अवस्थेतही हसली. ‘खंयचो मासो, बांगडो?’

मग तुम्ही लहानपणाचं विचारलंत, जे कधी कोणी विचारलं नव्हतं. घसा वारंवार धरायचा का? सांधे सुजले होते का? दहा-अकरा वर्षांची असताना हिचा गुडघा सुजला होता, तो बरा होतो तोवर घोटा, मग कोपर. गावात सगळे म्हणाले वारं भरलं, शेक दिला, गेलं. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर आपल्याच झडपांवर उलटतं, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार! तुमच्यात जुनं बोलणं आहे म्हणालात, हा सांध्यांचा ताप (रुमॅटिक फीव्हर) सांधे नुसते चाटतो आणि काळजाला चावतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पण एवढं ऐकूनही तुम्ही छातीठोकपणे काही सांगितलं नाहीत. ‘माझ्या कानाला संशय आहे. एको झाल्याशिवाय मी पक्कं बोलणार नाही.’ एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चिठ्ठी दिलीत, गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवलंत. एकोत निघालं ते तुम्ही म्हणालात तेच. झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर हवं, हिचं ०.९, करंगळीच्या नखाएवढं. पुढचं सगळं लिहीत बसत नाही. मांडीतून नळी नेऊन फुग्याने झडप मोकळी केली, छाती उघडावी लागली नाही. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून परत येताना ही गाडीत आडवी होऊन झोपली. आडवी, मॅडम.

आणखी एक राहिलं. आमच्या धाकटीच्या छातीतही आवाज आहे म्हणालात तेव्हा माझे हातपाय गळाले होते. तुम्ही तिला निजवून ऐकलंत, बसवून ऐकलंत, परत निजवलंत. बसली की आवाज जवळजवळ विरायचा. ‘हा गुणगुणणारा आवाज पुष्कळ धडधाकट मुलांत असतो, मोठेपणी आपोआप जातो. प्रत्येक आवाज आजाराचा नसतो.’ भीती घालून बांबोळीची दुसरी खेप करायला लावणं तुम्हाला सोपं होतं. आम्ही गेलोही असतो, कर्ज काढून.

तुमच्या शिक्षणाचं कौतुक मी काय करणार, ते माझ्या आवाक्यातलं नाही. पण माणूस चांगला आहे की नाही ते मला डिग्रीवरून कधी कळलेलं नाही. मागून धावत येणारी म्हातारी दिसली की घंटी न मारणारा कंडक्टर, जाळ्यात कमी मिळालं तरी शेजारच्या विधवेच्या टोपलीत चार बांगडे टाकणारा तांडेल, असली माणसं आमच्या किनाऱ्यावर आहेत अजून. ती बोलत नाहीत फारशी. तुम्ही घाटावरच्या, आमची मालवणी तुम्हाला निम्मी कळायची नाही, तरी मी तुम्हाला त्यांच्यातच धरतो.

पहिल्या त्या डॉक्टरांकडे मी गेलो होतो, भांडायला. नंबर लावून बसलो, आत गेलो. ते फोनवर होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘शर्ट राहू दे, श्वास घ्या.’ मी उठून बाहेर आलो. भांडण पण झालं नाही.

आता हिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. चुकवत नाही, कॅलेंडरवर मीच लाल गोल करतो. कारखान्यात परत जाते. चढणीवर मध्ये एकदा थांबते, पण ते शेजारणीशी बोलायला. परवा पाठीमागून येत होतो तर म्हणाली, ‘जरा हळू चल मगे.’ सवयीने नव्हे, मुद्दाम.

सोलाचं आगळ काढलंय यंदा, रातांबे बरे आले. काजूगरही ठेवलेत, आख्खे, तुकडा नाही. तुम्ही इथे असताना कोणाकडून काही घ्यायचा नाहीत हे ठाऊक आहे, पण आता तुम्ही आमच्या डॉक्टर नाही आहात, तेव्हा ती सबब चालणार नाही. बरणीवर हिने तुमचं नाव लिहून चिकटवलंय. एसटीच्या पार्सलने पाठवतो. फक्त पत्ता कळवा.