नाना, वेल्डिंगला नाही म्हणालात, त्याबद्दल

नाना, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सायकलच्या दुकानात येऊन समोर आभार मानले की तुम्ही पान्हा उचलून दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे उघड पत्र. अमळनेरात, आणि एकूणच खानदेशात, जुन्या सायकलीची फिक्सी करायची हौस असलेल्या पोरांनीही ते वाचावं.

फिक्सी म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवून निवांत बसायची सोय नाही. माझ्या हातात आजोबांची काळी सायकल होती आणि डोक्यात एवढंच होतं. साध्या सायकलीत पाय थांबले तरी चाक फिरू देतं ते मागचं दातेरी चक्र म्हणजे फ्रीव्हील. दोन ठिकाणी विचारलं, तर ‘फ्रीव्हीलला वेल्डिंगचे चार टाके मारून देतो, तासाभरात ये’ म्हणाले. तुम्ही मात्र चाक हातात घेतलंत, हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आटे दाखवलेत आणि सांगितलंत: पुढे पायडल मारलं की फ्रीव्हील या आट्यांवर आवळत जातं, मागे जोर लावला की इथूनच सुटतं. म्हणजे वेग कमी करायला पाय रोखायचे आणि नेमकं तेव्हाच चक्र मोकळं व्हायचं. फिक्सीच्या हबला म्हणूनच दुसरे, उलट आटे असतात आणि त्यावर चक्र सुटू न देणारी लॉकरिंग बसते. तुम्ही फिक्सी कधी बनवली नव्हती, तरी हे आटे पाहूनच ओळखलंत. मी घाई केली तेव्हा एवढंच म्हणालात, “भो, आठे घाई कामनी नही.” इथे घाई कामाची नाही.

फिक्सीचा हब मी पुण्याहून कुरिअरने मागवला, तर त्याला स्पोकची ३२ भोकं आणि आपल्या मागच्या रिमला ४०. मी तोंड पाडून बसलो. तुम्ही उठलात आणि माळ्यावरून पुढच्या चाकाची एक रिम काढलीत. तीच २८ इंची, पण भोकं ३२! जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, मोजले मात्र कधी नव्हते. नव्या मापाचे स्पोक टाकून तुम्ही चाक बांधलंत, संध्याकाळपर्यंत आउट काढून ते सरळ केलंत आणि मागे पोतं लादायचं नाही असा दम दिलात. हबचा एक्सल १० मिलिमीटरचा, फ्रेमची खाच त्याहून किंचित अरुंद. तिथे तुम्ही कानस चालवलीत, तीही दोन्ही बाजूंनी सारखी, चाक तिरकं बसू नये म्हणून.

फ्रेमचं मात्र मला वाईट वाटलं होतं. आजोबांची २४ इंची. तुम्ही मला भिंतीला टेकवून उभं केलंत, पायांत काठी धरून माप घेतलंत आणि म्हणालात, ही तुझी नाही. साध्या सायकलवर चालून जातं, पण जिचे पाय थांबत नाहीत तिच्यावरून हवं तेव्हा उतरता आलं पाहिजे. मग भंगारातली २२ इंची फ्रेम सरळ करून दिलीत. सीटही तशीच लावलीत: पायडल खाली असताना टाच टेकली की पाय सरळ व्हावा. आजोबांची सायकल आता काका शेतात नेतात, ते सहा फुटी आहेत.

पुढचे दाते ४४, मागचे १८. पायडलच्या एका फेरीला साधारण साडेपाच मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की तासाला तीसेक किलोमीटरचा वेग होतो. पारोळा रस्त्यावर समोरून वारा नसेल तर हे सुख आहे. चाळीसगावजवळच्या औट्रम घाटाच्या उतारावर मी ती नेणार नाही. पुढचा रॉडब्रेक तुम्ही काढू दिला नाहीत, आणि ब्रेक नसलेली फिक्सी मिरवणाऱ्यांबद्दल माझं मत आता तुमच्यासारखंच झालंय.

देखभालीचं सगळं पाळतोय. पहिल्या आठवड्यानंतर चढावर जोर लावून चक्र आवळलं, मग लॉकरिंग पुन्हा कसली. पायडलचा दांडा पक्का धरणाऱ्या कॉटर पिनवर लक्ष असतं. चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे थोडी ढील ठेवतो. पोलादी पट्टीवर बारा इंचांची चेन इंचाच्या आठव्या भागाने वाढली की बदलायची, हेही लिहून ठेवलंय. आणि फिरत्या चाकावर चेन फडक्याने पुसायची नाही. फडकं ओढलं गेलं की बोटही जातं आणि हे चाक थांबत नाही. त्या दिवशी एवढं एकच तुम्ही आवाज चढवून सांगितलंत.

बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक चेतक स्कूटरचंही राहिलंच. पांढरा धूर बघून सगळे पिस्टन-रिंग बदला, बोअर करा म्हणत होते. तुम्ही गिअर ऑइल तपासलंत, ते कमी भरलं, आणि क्लचकडचं ऑइल सील गेलंय, तेच ऑइल इंजिनात जळतंय म्हणालात. सील किती स्वस्त आणि बोअरचं काम किती महाग, हे बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइलही आता मोजून घालतात, अंदाजाने नाही.

लॉकरिंग तुम्ही छिन्नी-हातोडीने कसलीत, तेव्हा तिच्या खाचा थोड्या दबल्या. त्यासाठी हूक स्पॅनर मागवलाय. आला की दुकानात आणतो. घेणार नाही म्हणालात, तर तिथेच विसरून जाईन.

तुमचा,
पारोळा रस्त्यावरचा फिक्सीवाला