सुई किती ग्रॅमवर टेकली आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रेकॉर्डचे दिवस परत आले, अशा आशयाचे लेख हल्ली वरचेवर छापून येतात. त्यांत माळ्यावरून उतरवलेला टर्नटेबलचा खोका असतो, जुन्या कव्हरांचे फोटो असतात, आठवणी असतात. नसतो तो एक आकडा : सुई किती ग्रॅमवर टेकली आहे, म्हणजे रेकॉर्डवर तिचा भार किती? यंत्र पुसून थेट त्यावर रेकॉर्ड चढवणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. रेडिओ बिघडला तर रेडिओच बंद पडतो. बिघडलेले टर्नटेबल मात्र फिरत राहते, वाजतही राहते, आणि नुकसान करते ते रेकॉर्डचे. यंत्र शाबूत आणि संग्रह झिजलेला, असा तो उलटा हिशेब आहे.

सुरुवात सुईपासून करावी. तिचे टोक हिऱ्याचे असते. साध्या गोल टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. हिरा आहे म्हणजे झिजणार नाही, हा समज खोटा आहे. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूची खाच सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरते. या हिशेबाने ५०० तासांत सुई सहाशे किलोमीटरहून जास्त घासत गेलेली असते. साध्या गोल टोकाच्या सुईचे आयुष्य तेवढेच धरावे. बारीक घडणीची चांगली सुई ८०० ते १००० तास जाते. झिजताना गोल टोकावर दोन बाजूंनी सपाट पैलू पडतात, पैलूंच्या कडांना धार येते आणि ती धार खाचेच्या भिंती तासत जाते. ४० ते ६० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, बाजूने उजेड टाकून सुई हळूहळू वळवून पाहा. नव्या टोकावर उजेडाचा बारीक ठिपका सरकत जातो. झिजलेल्या टोकावर एका विशिष्ट कोनात अख्खा पैलू लख्ख चमकून उठतो. असे दिसले की त्या सुईने आणखी एकही रेकॉर्ड वाजवू नये.

भिंग नसेल तर कान वापरावा. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेच स्वर तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात, म्हणून सुई झिजली की बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे फुटू लागतात. यंत्र जुने घेतले असेल आणि सुई किती तास चालली ते माहीत नसेल, तर ती संपली असे समजून आधी बदलावी. न वापरलेली पण वीस-तीस वर्षे पडून असलेली सुईही भरवशाची नसते. तिची बारीक दांडी ज्या रबरात बसवलेली असते ते रबर कडक होते, कधी विरघळते. मग कार्ट्रिजचे, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या छोट्या पेटीचे, पोट रेकॉर्डला टेकते. नवी सुई बसवली की पांढऱ्या पट्टीवर तारीख लिहून ती पट्टी यंत्राच्या मागे चिकटवावी. तासांचा अंदाज स्मरणावर सोडला की तो नेहमी कमीच निघतो.

आता वजन, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. कार्ट्रिज धरणाऱ्या आर्मच्या मागच्या वजनावर आकडे असलेली एक कडी असते. अँटिस्केटिंग (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी योजना, तिच्याविषयी पुढे) शून्यावर आणा, सुईचे झाकण काढा, आर्म खुंटीतून सोडवा आणि वजन पुढे-मागे फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असे करा. आता वजनाला हात न लावता नुसती कडी फिरवून शून्य खुणेसमोर आणा. नेमके इथेच वजनही कडीसोबत फिरते, आणि पुढचे सगळे मोजमाप चुकते. एका हाताच्या चिमटीत वजन घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कडी सरकवावी. त्यानंतर दोन्ही मिळून फिरवत कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत न्यावे. घरगुती वापराच्या बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजना १.५ ते २ ग्रॅम लागतात. ऑर्टोफॉनचे २एम रेड १.८ ग्रॅमवर, ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई २ ग्रॅमवर चालते. कडीवरचे आकडे अंदाजाचे असतात, म्हणून सुईसाठी मिळणारा छोटा डिजिटल काटा जवळ असावा. काट्याची पाटी रेकॉर्डच्या पातळीवर हवी. उंच काट्यावर काही आर्म वेगळे वजन दाखवतात.

वजन कमी ठेवले तर रेकॉर्ड कमी झिजते, असे अनेकांना वाटते. घडते उलटे. हलकी सुई जोरकस स्वरावर खाचेची भिंत सोडते आणि परत आपटते. ती आपट भिंतीवर कायमची उठते. नंतर कितीही चांगले कार्ट्रिज लावा, तिथे खरखर यायचीच. कागदावर १.६ ते २ असा पल्ला दिला असेल तर वरच्या अंगाला राहावे. आर्मला मागचे वजन नसलेल्या बॅगवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज पाच-सहा ग्रॅमने दाबत असते. त्यावर संग्रहातली रेकॉर्ड लावू नये, एवढेच म्हणतो.

अँटिस्केटिंगही इथेच उरकू. आर्मचे डोके आत वळलेले असते, त्यामुळे घर्षणाने आर्म मध्याकडे ओढला जातो; ही ओढ तोडायला उलटी ओढ द्यावी लागते. सुरुवात सुईच्या वजनाइतक्याच आकड्यावर करावी. मग शेवटच्या जोरकस गाण्यात आवाज आधी उजवीकडे फाटत असेल तर अँटिस्केटिंग थोडे वाढवावे, डावीकडे फाटत असेल तर कमी करावे. डाव्या आवाजाची भिंत आतली आणि उजव्याची बाहेरची, हे लक्षात ठेवले की पुस्तिका उघडावी लागत नाही.

कार्ट्रिज बसवताना दोन स्क्रूंच्या भोकांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते. चार तारांचे रंग ठरलेले आहेत : पांढरी डावीकडची, निळी तिची परतीची; लाल उजवीकडची, हिरवी तिची परतीची. तारांच्या टोकांवरच्या इवल्या क्लिपा चिमट्याने सरकवाव्यात. सैल वाटल्या तर आत दात-कोरणीचे टोक घालून बाहेरून हलकेच दाबाव्यात. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरिंगचा डाग मात्र कधीही देऊ नये. उष्णता आत पोहोचली की केसाएवढ्या तारेचे वेटोळे तुटते आणि ती बाजू कायमची मुकी होते. कार्ट्रिजचा खाचेशी कोन जुळवायचा तो छापील मापपट्टीवर. हा कोन ठरवणाऱ्या बेअरवाल्डच्या गणिताप्रमाणे रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेशी तंतोतंत समांतर असायला हवी. पाहायची ती सुईची दांडी. प्लास्टिकच्या पेटीची कड पाहून जुळवले की बऱ्याचदा फसगत होते, कारण दांडी पेटीत किंचित तिरकी बसलेली असू शकते. कोन लागला की स्क्रू आळीपाळीने पाव-पाव वळशाने आवळावेत, आणि वजन पुन्हा तपासावे. कार्ट्रिज पुढे-मागे झाले म्हणजे वजनही बदलले.

आता वेग. एलपीचा मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग १९४८ पासून ठरलेला आहे. एका फेरीला १.८ सेकंद. सूर बरोबर १.८ सेकंदांनी डुलत असेल तर दोष रेकॉर्डच्या भोकात किंवा बाकात शोधावा. भोक मध्यापासून एक मिलिमीटर जरी सरकलेले असेल तरी १० सेंटिमीटर त्रिज्येवर सूर एक टक्का वर-खाली होतो, आणि पियानो किंवा तंबोऱ्याच्या स्थिर सुरात ते लगेच कळते. डुलणे त्याहून जलद किंवा अनियमित असेल तर मोटरची गती प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीला, देणाऱ्या बेल्टकडे वळावे. वेग एकसारखा पण मुळातच चुकीचा असेल तर प्रश्न वेगळा. जुन्या यंत्रांतली सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर, चालते. ६० हर्ट्झसाठी घडवलेली पुली (मोटरवरची चाकी) ५० हर्ट्झवर लावली तर प्लॅटर मिनिटाला २८ च्या आसपास फेऱ्या घेतो, आणि काळी चारचे गाणे पांढरी चारच्या जवळ उतरते. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुधारत नाही. तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. योग्य व्यासाची पुलीच घालावी लागते.

बेल्ट ताणला, चकाकू लागला किंवा बोटाला काळा चिकटू लागला की बदलावा. जुने माप मिळत नसेल तर पुली आणि प्लॅटरची आतली कडी यांना दोरा गुंडाळून वेढा मोजावा. नवा चपटा बेल्ट त्याहून सुमारे ५ टक्के लहान हवा. फार घट्ट बेल्टने मोटरची घरघर थेट सुईपर्यंत पोहोचते. बसवण्याआधी पुली आणि कडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. बोटांचा तेलकटपणाही घसरायला पुरतो. रबरी चाकाने फिरणाऱ्या यंत्राचे बटण चालू स्थितीत ठेवून वीज भिंतीवरून बंद करायची सवय वाईट. चाक तसेच दाबलेले राहते, त्याला चपटा भाग पडतो, आणि मग प्रत्येक वळशाला मंद ‘धप’ ऐकू येते.

प्लॅटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगला तेल हा तर अतिउत्साहाचाच विषय. जुने काळे तेल दांड्यावरून आणि खोबणीतून सुती चिंधीने टिपून घ्यावे. तळाशी सुटी पोलादी गोळी असू शकते, ती चिंधीबरोबर बाहेर येऊन घरंगळते. खाली ताट धरावे. नंतर हलक्या यांत्रिक तेलाचे थेंब, तेही मोजून. जास्त झालेले तेल वर येऊन बेल्टवर उतरते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२च्या पुस्तिकेत दर २००० तासांनी दोन-तीन थेंब, इतकेच सांगितले आहे. गंज सोडवायचा फवारा इथे मारू नये. त्यातला द्रव उडून जातो आणि बेअरिंग कोरडे पडते. खायचे तेल काही महिन्यांत चिकट राळ होते. दांडा परत घालताना तो हवेच्या उशीवर अडल्यासारखा सावकाश खाली जातो. हे चांगले लक्षण आहे, दाबू नये.

आवाजात ‘घूं’ असेल तर क्रमाने जावे. दोन्ही बाजूंनी येत असेल आणि आर्मला बोट लावताच कमी-जास्त होत असेल, तर अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली नीट बसलेली नाही. एकाच बाजूने येत असेल तर कार्ट्रिजवरची क्लिप किंवा मागची केबल सैल आहे. गुणगुण नाही पण आवाज बारीक आणि पातळ येतो, तर टर्नटेबल साध्या इनपुटला जोडलेले आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि टीप उचललेली असते. याची भरपाई आणि आवाजाची वाढ फोनो प्रीॲम्प करतो; ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटमागे तोच असतो. यंत्रातच प्रीॲम्प असेल आणि पुढे पुन्हा फोनो इनपुटला जोडले, तर भरपाई दोनदा होते आणि सगळे फाटून येते.

सुईवरचा कचरा मऊ कोरड्या ब्रशने मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्याच दिशेने झाडावा. आडवा हात फिरला की दांडी मोडते. धुताना लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, लाख त्यात विरघळते. आणि त्या तबकड्यांना सुईही वेगळी, ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची सुई रुंद खाचेच्या तळाशी पडून फक्त धूळ वाजवते.

आपल्याला एक विनंती. रेकॉर्डवर पुढची पुरवणी काढाल तेव्हा एखाद्या फोटोऐवजी वेग तपासायची स्ट्रोबची चकती छापावी : एका वर्तुळावर सारख्या अंतराने १८० काळ्या रेघा, मध्ये भोकाची खूण. ५० हर्ट्झच्या विजेवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती प्लॅटरवर फिरवली आणि रेघा जागीच थांबलेल्या दिसल्या, तर वेग बरोबर. पुढे सरकल्या तर यंत्र जलद, मागे सरकल्या तर मंद. ६० हर्ट्झला २१६ रेघा लागतात. काही एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यांच्याखाली रेघांचा नुसता करडा पट्टा दिसतो. तेव्हा साधा पिवळा किंवा निऑनचा दिवा घ्यावा, ही सूचनाही चकतीखाली असू द्यावी. कोन जुळवायची मापपट्टी छापणार असाल तर शेजारी १०० मिलिमीटरची एक रेघही द्यावी, म्हणजे छपाईत माप आक्रसले असेल तर वाचक पट्टी लावून पाहील आणि तो कागद वापरणार नाही.

आपला,
एक वाचक