टायरचं वयही बघा
संपादक महोदय,
टायर कधी बदलावेत यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला, नक्षीची खोली झिजून 1.6 मिमीवर आली की बदला हे बरोबरच आहे पण टायरच्या वयाबद्दल त्यात एक ओळही नाही हे खटकलं. ज्यांची गाडी फक्त सुट्टीलाच बाहेर निघते त्यांच्या टायरची नक्षी वर्षानुवर्षं शाबूत दिसते, रबर मात्र कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणारा डीओटी कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं: 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. दुकानदार हे स्वतःहून क्वचितच दाखवतो (कशाला दाखवेल!), आणि डिकीतली स्टेपनी तर पंक्चर होईपर्यंत कुणाला आठवतही नाही, तिचेही आकडे एकदा वाचा.
– एक वाचक